गोपाळरावांचा जबाब

“चंपतभाऊ! बंदूक घेऊन या! लवकर या हो, बंदूक घेऊन या!”

आवाज दीपमालाबाईंचा होता आणि तो त्यांच्या गच्चीवरून येत होता. मे महिन्यातली दुपार, तीनचा सुमार. प्लॉट पाडून वसलेल्या त्या ले-आउटमधल्या साऱ्या घरांची दारं-खिडक्या बंद आणि घरोघरी कूलरची घरघर. अशा वेळी कळमेश्वर रोडच्या या भागात माणूस मेला तरी संध्याकाळपर्यंत कोणाला कळायचं नाही. चंपतराव झोडापे ताक पिऊन नुकतेच आडवे झाले होते. सुभद्राबाई मागच्या दाराशी लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसल्या होत्या, म्हणून आधी त्यांनी ऐकलं.

“अजी, उठा! दीपमाला ओरडून राहिली.”

“काहून?”

“घरात कोणी शिरलं म्हणते. बंदूक आणा म्हणते.”

तेवढ्यात पुन्हा हाक आली, आता रडवेली. “यायले धरून ठेवलं हो भाऊ! मारून टाकतील!”

चंपतरावांनी चपला घातल्या नाहीत. कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं, बारा बोअरची दुनळी बाहेर घेतली, खालच्या खणातली दोन काडतुसं भरली. एकतीस वर्षं बँकेच्या दारात गनमॅन म्हणून उभं राहून हात असा तयार झाला होता की डोकं घाबरलं तरी हात घाबरत नसत. सुभद्राबाईंना ते एवढंच म्हणाले, “दार लावून घे. पोलिसांले फोन कर.”

दीपमालाबाई आणि त्यांचे यजमान गोपाळराव यांचं घर भिंतीला भिंत लागून. पुढचं दार आतून बंद होतं, म्हणून ते बोळातून मागच्या अंगणात गेले. अंगणातली फरशी तव्यासारखी तापली होती. मधल्या खोलीचं दार सताड उघडं. आत दोन माणसं, दोघांच्या तोंडाला डोळ्यांपर्यंत दुपट्टे. एकजण कपाटातलं पिशवीत कोंबत होता. दुसऱ्याने गोपाळरावांना खुर्चीत दाबून धरलं होतं आणि त्यांच्या गळ्याला सत्तूर, मटण तोडायचा रुंद सुरा, लावला होता. गोपाळरावांचा चेहरा पांढराफटक पडला होता. चंपतरावांना पाहताच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“हत्यार खाली टाक,” चंपतराव म्हणाले. आणखी दोनदा म्हणाले. मग नळी आभाळाकडे करून एक बार काढला. पिशवीवाला भिंतीवरून उडी मारून पळाला. सत्तूरवाला मात्र घाबरून की चिडून, सरळ चंपतरावांच्याच अंगावर धावून आला. तीन पावलांचं अंतर राहिलं तेव्हा त्यांनी नळी खाली घेतली आणि त्याच्या गुडघ्याखाली दुसरा बार मारला.

पोरगं अंगणात कोसळलं. सत्तूर खणखणत फरशीवर जाऊन पडला. चंपतरावांनी तो पायाने दूर सारला, खांद्यावरचा स्वतःचा दुपट्टा काढून जखमेच्या वर करकचून बांधला. छर्रे पोटरीत गेले होते. रक्त होतं, पण जीव जाण्यासारखं नव्हतं. दीपमालाबाई जिन्यावरून धावत आल्या आणि त्यांनी पडलेल्याच्या तोंडावरचं कापड ओढलं.

“अगं माय!” त्या किंचाळल्या. “पियूष!”

पियूष म्हणजे त्यांच्या सख्ख्या भावाचा मुलगा. चंपतरावांनीही त्याला ओळखलं. दर दिवाळीला तो या घरी यायचा.

पोलिस यायला अर्धा तास लागला. तोवर चंपतराव फाटकाबाहेर उन्हात उभे राहिले. बंदूक मोडून, रिकामी करून, फाटकाजवळच्या ओट्यावर ठेवलेली, दोन्ही हात दिसतील असे. गोळी चालली की असंच उभं राहायचं, हे त्यांनी बँकेतल्या किती नव्या गार्डांना शिकवलं होतं. घरात त्या अर्ध्या तासात काय बोलणं झालं, कोणाकोणाला फोन गेले, ते त्यांना कळलं नाही. कळून घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. ते घर त्यांना परकं कधी वाटलंच नव्हतं.

अठरा वर्षांचा शेजार होता. गोपाळरावांचं मोटारपंपांचं दुकान, चंपतरावांची बँकेची वर्दी. पारशिवनीकडच्या खेड्यातून आलेल्या चंपतरावांना शहरात पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हणणारा व्यापारी माणूस हाच. कोणी पाहुणा आला की गोपाळराव भिंतीवरून हाक मारत आणि ओळख करून देत, “हे आमच्या ले-आउटचं पोलिस ठाणं!” सहलीला गेले की घराची किल्ली झोडाप्यांकडे. पाच वर्षांपूर्वी चंपतराव निवृत्त झाले तेव्हा ते बंदूक विकून परवाना परत करायला निघाले होते. दर निवडणुकीला ती ठाण्यात जमा करायची, पावती सांभाळायची, नूतनीकरणाच्या रांगेत उभं राहायचं. कशाला ती कटकट? तेव्हा गोपाळरावांनीच अडवलं. “भाऊ, गावाबाहेरची वस्ती आहे. तुमच्या बंदुकीच्या भरवशावर आमी झोपतो. सोडू नका.” नुसतं बोलून थांबले नाहीत. स्वतःच्या दुकानाच्या कागदावर शिफारसपत्र लिहून दिलं आणि पोलिस आयुक्त कार्यालयात सोबत आले. स्वसंरक्षणासाठी म्हणून परवाना पुढे चालू राहिला.

पोलिस आले. फौजदारांनी पाठीवर हात ठेवला. “काका, हिमतीचं काम केलं.” संध्याकाळी तेच फौजदार पुन्हा आले तेव्हा त्यांनी नजर टाळली. “साहेबांनी बोलावलं. थोडं बसावं लागेल.”

ते बसणं अकरा दिवसांचं झालं. पहिले दोन दिवस कोठडीत, पुढचे कारागृहात. गुन्हा लागला हत्येच्या प्रयत्नाचा आणि परवान्याच्या अटी मोडल्याचा. ज्या माणसाने एकतीस वर्षांत माणसावर एकही गोळी झाडली नव्हती, त्याच्या बोटांचे ठसे घेतले गेले. त्या अकरा दिवसांत चंपतराव एकाच गोष्टीवर निर्धास्त होते. गोपाळरावांचा जबाब झाला की सगळं सुटेल. बराकीतल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी तसं सांगितलंही. तो नुसता हसला.

जामीन झाल्यावर वकील गुंजन पाठक यांनी त्यांना आपल्या खोलीत बसवलं. गुंजनचे वडील चंपतरावांच्या बँकेत शाखाधिकारी होते. लहानपणी ती बँकेत आली की या गनमॅनकाकांच्या स्टुलावर बसायची. तिने कागद पुढे घेतला.

“काका, हा गोपाळरावांचा जबाब. वाचते मी, शांतपणे ऐका.”

तिने वाचलं. “दुपारी माझ्या पत्नीचा भाचा पियूष हा त्याच्या मित्रासह आमचे घरी भेटण्यास आला होता. उन्हामुळे त्यांनी तोंडास दुपट्टा बांधलेला होता. आमच्यात घरगुती कारणावरून मोठ्याने बोलणे चालू असता शेजारी राहणारे चंपत झोडापे हे कोणीही बोलावलेले नसताना बंदूक घेऊन घरात शिरले व काहीएक विचारपूस न करता त्यांनी पियूष याचेवर गोळी झाडली...”

“पुन्हा वाच,” चंपतराव म्हणाले.

तिने पुन्हा वाचलं.

“अन् सत्तूर?”

“पंचनाम्यात सत्तूर नाही काका. घटनास्थळी कोणतंही हत्यार मिळालं नाही असं लिहिलंय.”

चंपतरावांना फाटकाबाहेरचा तो अर्धा तास आठवला. आपण शहाण्यासारखे हात दाखवत उन्हात उभे होतो, आणि आत कोणीतरी फरशीवरून सत्तूर उचलून, धुऊन, स्वयंपाकघरात नेऊन ठेवत होतं.

“दीपमालाबाई काय म्हणते?”

“तेच. आपण हाक मारली नाही म्हणतात. फोन केला असता तर नोंद सापडली असती. हाकेची नोंद कुठून आणायची? काकूंनी ऐकली, पोलिसांना फोनही केला, पण त्या तुमच्या पत्नी.” गुंजनने चष्मा काढला. “कायदा तुमच्या बाजूनं आहे काका. फक्त स्वतःच्याच नाही, दुसऱ्याच्या जिवासाठीही हात उचलायचा हक्क माणसाला आहे. पण माझा जीव धोक्यात होता, हे त्या दुसऱ्यानं म्हणावं लागतं. तो म्हणाला नाही, तर तुम्ही फक्त दुसऱ्याच्या घरात बंदूक घेऊन शिरलेले माणूस.”

घरी आल्यावर चंपतराव दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. एकदा त्यांनी सुभद्राबाईंना विचारलं, “हाक आली होती ना वं?”

“म्हंजे?”

“बंदूक आणा असं म्हणली होती ना ते? का मलेच तसं वाटलं?”

सुभद्राबाई हातातलं काम टाकून त्यांच्याकडे पाहत राहिल्या. “तुमी झोपले होते. म्या ऐकलं अन् म्या उठवलं. आता तुमी स्वतःवर शंका घेऊन राहिले का?”

तिसऱ्या दिवशी सकाळी ते शेजारच्या दारात जाऊन उभे राहिले. साक्षीदारांना भेटायचं नाही ही जामिनाची अट होती, गुंजनने बजावलंही होतं. पण पाय गेले. गोपाळराव आतच होते. त्यांची चप्पल दारात होती. बाहेर मात्र दीपमालाबाई आल्या आणि पदर सावरत उंबऱ्यातच थांबल्या.

“या ना भाऊ,” असं त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

“तुमी मले हाक मारली होती का नाही, एवढंच सांगा,” चंपतराव म्हणाले. “कोर्टात नका सांगू. मले सांगा.”

दीपमालाबाईंनी एकदा आत वळून पाहिलं. “भाऊ, माझ्या भावाचा एकच पोरगा आहे तो. दोस्ताच्या नादाले लागला. रेल्वेच्या नोकरीत त्याचं नाव लागून राहिलं होतं. चोरीची केस झाली तं सारी जिंदगी बरबाद होते त्याची.”

“अन् माझी?”

उत्तर आतून आलं. गोपाळराव दिसत नव्हते, पण आवाज त्यांचाच होता, नेहमीचा समजूतदार आवाज, गिऱ्हाइकाला पंप परत घेता येत नाही हे सांगताना असायचा तसा. “चंपतराव, तुमी रिटायर माणूस. तुमचं आता काय बिघडते? वकील लावू आपण चांगला. खर्च माझा. पोरगं वाचून जाऊ द्या.”

अठरा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा भाऊ न म्हणता चंपतराव म्हटलं. चंपतरावांनी दीपमालाबाईंना नमस्कार केला आणि ते परतले.

पावसाळा लागला. पियूषची जखम भरली, पण तो लंगडू लागला. ऑगस्टमध्ये तडजोडीचा निरोप आला. दोन्हीकडच्या वकिलांनी कोर्टासमोरच्या एका खोलीत भेट ठरवली. गुंजनने आधीच सगळं समजावलं होतं. “खटला चालला तर चोरी बाहेर येईल, ही त्यांनाही भीती आहे. ते म्हणतात, तुम्ही लिहून द्यायचं की बंदूक साफ करताना पियूष तिथे होता, आणि तुमच्या निष्काळजीपणानं गोळी सुटली. मग ते संमती देतील, आणि हायकोर्टातून गुन्हा रद्द करून घेता येईल. खात्री नाही, पण शक्यता चांगली आहे. परवाना जाईल. तुरुंग टळेल. माझा सल्ला विचाराल तर हे कागदावरचं खोटं मला आवडत नाही. पण खटला हरलो तर तुम्हाला काही वर्षं आत काढावी लागतील, हेही खरं आहे.”

सुभद्राबाई सोबत होत्या. रिक्षातून उतरताना त्यांनी नवऱ्याचा हात धरला. “सही करून द्या. झालं तेवढं पुरे. मले तुमी घरात पाह्यजे.”

त्या खोलीत जाणारा जिना अरुंद होता. पहिल्या वळणावर पियूष एकटाच उभा होता. त्याला वर चढायला वेळ लागत होता, म्हणून बाकीचे पुढे गेले असावेत. सुभद्राबाई मान फिरवून वर गेल्या. चंपतरावही गेले असते, पण तो हळूच म्हणाला, “काका.”

ते थांबले.

“तुमी पायावरच मारली. छातीवर मारू शकत होते. माझ्या हातात सत्तूर होता.” तो कठड्याकडे पाहत बोलत होता. “डॉक्टर म्हणत होते, तुमी दुपट्टा बांधला नसता तं खूप रक्त गेलं असतं.”

तीन महिन्यांत त्या बाजूचा खरं बोलणारा हा पहिला माणूस, आणि तो ज्याला आपण गोळी घातली तोच.

“हेच वर येऊन सांग,” ते म्हणाले. “दोघा वकिलांसमोर सांग. मी तुले माफ करून देईन. तुझी केस हलकी व्हावी म्हणून मी स्वतः साहेबाच्या पाया पडीन. पण सांग बाबू.”

पियूषने मान हलवली. “पप्पा अन् आत्या... नाही जमत काका.” आणि तो कठडा धरून एकेक पायरी चढत त्यांच्या आधी वर गेला.

खोलीत गोपाळराव होते, पियूषचे वडील होते, टेबलावर टाइप केलेला कागद होता. चहा आला. गोपाळरावांनी कप स्वतः उचलून चंपतरावांपुढे ठेवला. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. चंपतरावांनी चष्मा लावून कागद सावकाश वाचला. पहिलं पान, मग दुसरं. ‘माझेकडून बंदूक हाताळताना निष्काळजीपणे व चुकून गोळी सुटली’ या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

बँकेत एकदा एका नव्या गार्डने गोळी भरलेली बंदूक भिंतीला टेकवून ठेवली होती. चंपतरावांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं आणि महिनाभर रोज सकाळी त्याच्याकडून बंदूक उघडणं-मिटणं घोटवून घेतलं होतं. जीव घेणारी वस्तू हातात असलेल्या माणसाला चूक होऊन चालत नाही, हे ते इतक्या वेळा बोलले होते की गार्ड त्यांची नक्कल करत. वर्दी गेली, पगार गेला, अकरा दिवसांत अब्रूही गेली. हे एकच उरलं होतं.

“हे चूक लिहिलं,” ते म्हणाले.

“काय चूक आहे?” समोरचे वकील.

“म्या चुकून नाही मारली. पाहून मारली. गुडघ्याच्या खाली मारली. तसं लिहा, आता सही करतो.”

पियूषचे वडील ताडकन उठले. “म्हाताऱ्याले मस्ती आहे! सडू द्या जेलमधी!” गोपाळरावांनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि चंपतरावांकडे पाहून अगदी हळू आवाजात म्हणाले, “भाऊ, एका ओळीपायी...”

“तुमीबी एकच ओळ लिहिली, गोपाळराव,” चंपतराव म्हणाले. “कोणी बोलावलं नाही म्हणून.”

चहा तसाच राहिला.

परतीच्या रिक्षात सुभद्राबाई दुसऱ्या बाजूने तोंड करून बसल्या. घरी आल्यावर फुटल्या. “तुमच्या एका शब्दापायी मी म्हातारपणी कोर्टाच्या पायऱ्या घासू? त्यायनं फसवलं ते फसवलं, आता तुमीबी?” तिला फसवलं असं त्यांनाही वाटत होतं. ते अंगणात जाऊन बसले. रात्रीच्या जेवणाला तिने ताट वाढलं, पण पहिल्यांदाच समोर बसली नाही.

सप्टेंबरमध्ये आयुक्त कार्यालयात परवाना रद्द करावा का याची सुनावणी झाली. अधिकारी तरुण होते आणि वागायला सभ्य होते. फाइल उलटताना ते एका पानावर थांबले. पुढे गेले, पुन्हा मागे आले.

“हे शिफारसपत्र,” ते म्हणाले, “‘श्री. झोडापे यांचेमुळे आमचा परिसर निर्धास्त आहे. त्यांच्याकडे शस्त्र असणे ही आम्हा शेजाऱ्यांची गरज आहे.’ हे ज्यांनी लिहिलं, तेच तुमच्या विरोधातले फिर्यादी?”

“हाव साहेब. सही जुळते का पाहा.”

अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी धरले. सही जुळत होती. त्यांनी फाइल मिटली. “माझ्यासमोर प्रश्न एवढाच आहे काका. परवाना स्वसंरक्षणासाठी होता. तुम्ही शस्त्र घेऊन दुसऱ्याच्या घरात गेलात, हे तुम्ही स्वतः मान्य करता. गंभीर गुन्हा दाखल आहे. मला दुसरं काही करता येत नाही.” आदेश निघाला. परवाना रद्द. बंदूक खटला संपेपर्यंत मुद्देमाल म्हणून पोलिसांकडेच. चंपतरावांनी आदेशाची प्रत घेतली, पोच म्हणून सही केली आणि साहेबांना सलाम ठोकला. पाय आपोआप जुळले होते.

त्या दिवशी ते घरी आले तेव्हा सुभद्राबाईंनी कागद त्यांच्या हातातून घेतला, वाचला, घडी करून देवाजवळ ठेवला. मग म्हणाल्या, “तारखेले मीबी येईन. मले विचारतील तं मी सांगीन काय ऐकलं ते. बायको असली म्हणून काय झालं, मले कान नाहीत का?”

खटला फेब्रुवारीत उभा राहिला. पहिली साक्ष फिर्यादीची होती. सत्र न्यायालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, दालनाबाहेरच्या लांब वऱ्हांड्यात गर्दी होती. सुभद्राबाईंना गुंजनने खाली तिच्या सहकाऱ्याजवळ बसवलं आणि ती आत बोर्डावर नंबर पाहायला गेली. चंपतराव एकटेच वऱ्हांड्यात आले. त्यांनी पांढरा शर्ट घातला होता, स्वतः इस्त्री केलेला. थंडीत त्यांचे गुडघे दुखत, आणि दोन जिने चढून आल्याने ते जरा धापा टाकत होते. बसायला जागा शोधत त्यांनी नजर फिरवली.

भिंतीलगतच्या लाकडी बाकावर गोपाळराव बसले होते. मांडीवर पिशवी, डोळ्यांवर जाड चष्मा. नऊ महिन्यांत तेही म्हातारे झाले होते. त्यांनी मान वर केली, चंपतरावांना पाहिलं. आणि काही विचार करायच्या आत, इतकी वर्षं लग्नात, मयतीत, दवाखान्याच्या बाहेर केलं होतं तसं, ते अंग चोरून बाजूला सरकले. बाकावर एका माणसापुरती जागा झाली.

चंपतराव उभेच राहिले.

गोपाळरावांच्या लक्षात आलं, पण त्यांना पुन्हा मूळ जागी सरकता येईना. ते तसेच आखडून बसून राहिले. शिपायाने आतून कुठल्यातरी दुसऱ्याच खटल्याचा पुकारा केला. थोड्या वेळाने कडेवर पोर घेतलेली एक बाई आली, तिने विचारलं, “भाऊ, इथी कोणी आहे का?” गोपाळरावांनी चंपतरावांकडे पाहिलं.

“कोणी नाही,” चंपतराव म्हणाले. “बस माय.”

आणि ते भिंतीशी पाठ ताठ करून, दाराकडे तोंड करून, पुकाऱ्याची वाट पाहत उभे राहिले.